शिगवण सर आणि उजवीकडून वाचायचं पुस्तक

शिगवण सरांच्या शोकसभेत मी बोलले नाही. बोलले असते तर सभा मोडली असती. शाळेच्या हॉलमध्ये हार घातलेला फोटो, पुढे उदबत्ती, आणि एकामागून एक उठणारे वक्ते. "भर सत्कारात स्वतःची चूक कबूल करणारा शिक्षक बघितलाय का कुणी? केवढं मोठं मन!" जो उठतो तो हेच. संस्थेचे अध्यक्ष तर पुढे जाऊन म्हणाले, "उतारवयात सरांना जपानी कार्टूनचा नाद लागला, पण त्यातूनही त्यांनी चांगलं तेवढंच घेतलं." लोक कौतुकाने हसले. दोन मिनिटं शांत उभं राहायची वेळ आली तेव्हा मी चपला घालून बाहेर पडले होते.

राग निवळल्यावर लिहावं असं म्हणतात. माझा हा राग निवळणारा नाही, आणि तो निवळावा अशी माझी इच्छाही नाही. सर माझे सहकारी होते, शेजारी होते, आणि शेवटच्या काही वर्षांत तर मित्रच म्हणायला हवेत. म्हणूनच त्यांना असं गोड करून पुरलेलं मला बघवत नाही.

मी विज्ञान शिकवायचे, सर चित्रकला. मुरुडमध्ये आमच्या घरांच्या मधे एक मेंदीचं कुंपण, तेही गुडघ्याएवढं, त्यामुळे एकमेकांच्या घरात काय चाललंय ते कळायला कान द्यावा लागत नसे. सर मूळचे माणगावकडचे, भातशेतीवाल्या घरातले. उंच, काटकुळे, पांढरा शर्ट, गळ्यात तुळशीची माळ. शर्टाच्या खिशात पेन्सिली, टोकं वर केलेल्या, आणि टोकं अशी की पोरांना त्यांच्याजवळ जायची भीती वाटे. ज्या गावात सकाळ मासळीच्या वासाने होते तिथे हा माळकरी माणूस अख्खी नोकरी करून राहिला. बाजाराच्या रस्त्याने जायचं झालं की नाकाला रुमाल. कोळणी मुद्दाम हाक मारायच्या, "सर, घ्या की, ताजा हाय!" सर रुमाल आणखी घट्ट धरून पुढे.

वर्गात त्यांच्या हातात लाकडी पट्टी असे. तिचे उपयोग दोन. एक रेघ मारायला, आणि दुसरा, रेघ वाकडी आली तर बोटांच्या पेरांवर मारायला. "रेघ म्हणजे रेघ," ते म्हणायचे, "तिला मत नसतं." ह्या वाक्याचा त्यांना फार अभिमान होता. पोरांकडून ते निसर्गचित्र घोटून घेत. दोन डोंगर, मधोमध सूर्य, एक झोपडी, झोपडीसमोरून वाहत येणारी नदी. वर्गाच्या खिडकीतून समुद्र दिसायचा. दर्यावर वाढलेली पोरं समुद्राकडे पाठ करून कागदावर नदी काढत बसायची, कारण ग्रेड परीक्षेच्या जुन्या नमुन्यात नदी होती.

मी एकदा म्हटलं, "सर, ह्यातल्या निम्म्या पोरांनी नदी बघितलीय का हो?"

"बाई, तुम्ही बेडूक फाडता तेव्हा मी मध्ये बोलतो का?"

असा माणूस. तास कधी चुकवला नाही, रजा घेतली नाही, आणि त्यांचा ग्रेड परीक्षेचा निकाल बघून तालुक्यातल्या शाळा जळायच्या. आपल्याकडे निकाल चांगला लागला की शिक्षक चांगला ठरतो. पट्टीचा हिशेब कोणी मागत नाही.

जयश्री तेव्हा नववीत होती. कोळीवाड्यातली. वडील दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, आई बाजारात मासळी विकायची. शेजारच्या घरी केबल होती आणि शाळा सुटली की वाड्यातली पोरं तिथे जपानी कार्टून बघायला दाटीवाटीने बसत. हिंदीत बोलणारी, मोठमोठ्या डोळ्यांची ती माणसं. बाकीची पोरं बघून विसरून जात. जयश्री घरी येऊन ती आठवून आठवून काढायची. आणि मग एक दिवस तिने ती माणसं सोडली आणि स्वतःची काढायला घेतली. कुणी शिकवलं नव्हतं, कुठलं पुस्तक मिळालं नव्हतं, पण पोरीने पानाचे चौकोन पाडले आणि चौकोनाचौकोनातून गोष्ट पुढे न्यायला सुरुवात केली. गोष्ट होती बंदरावरच्या लिलावाची. एका चौकोनात आईचा अख्खा चेहरा, डोळे हे एवढे. पुढच्यात नुसतं ओरडणारं तोंड. त्याच्या पुढच्यात नुसता बोली लावणारा हात.

हे सगळं चित्रकलेच्या वहीत, नदीच्या पाठीमागे.

सरांना ते सापडलं. "जपानी भुतं काढतेस?" म्हणाले, आणि वर्गासमोर ती पानं एकेक करून फाडली. टोपलीत टाकली. मग पट्टी. पोरगी रडली नाही म्हणून आणखी पट्टी.

मला हे मधल्या सुट्टीत मुलींनी सांगितलं. संध्याकाळी कुंपणापाशी मी सरांना गाठलं आणि जे बोलायचं ते सगळं बोलले. सर शांतपणे जास्वंदीला पाणी घालत होते. "शिस्त लागायला हवी, बाई. कार्टून काढणारीला ग्रेड कोण देणार आहे?" दिवाळीपर्यंत आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. जयश्रीने त्यानंतर चित्रकलेच्या तासाला कोरा कागद दिला. दर तासाला कोरा. सरांनी दर वेळी शून्य दिलं. दोघांपैकी कोणी माघार घेतली नाही. पुढे ती दहावी झाली, वाड्यातच लग्न झालं, आणि आईचे गुडघे गेल्यावर बाजारातल्या आईच्या जागेवर बसली.

ती चित्रकार झाली असती का? मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही, आणि मला चीड आहे ती ह्याचीच. मोठ्ठी चित्रकार झाली असती असं छातीठोक सांगता आलं असतं तर निदान काय गेलं ते तरी कळलं असतं.

सर निवृत्त झाले. बायको त्याआधीच गेली होती, लेक पनवेलला. घरात बसून माणूस कुजतो म्हणून त्यांनी समुद्राकडच्या एका लहानशा लॉजच्या काउंटरवर बसायचं काम धरलं. लॉज हुसेनभाईंचं. हुसेनभाई म्हणजे पांढरी टोपी, हळू आवाज आणि हातात कायम उर्दूचं काहीतरी वाचायला. तिथे एक कपाट होतं, गिऱ्हाइकांनी विसरलेल्या वस्तूंचं. चष्मे, चार्जर, एका पायाच्या चपला. त्यात पुण्याकडच्या कुठल्यातरी मुलीने सोडलेलं एक जाडजूड पुस्तक होतं, जपानी चित्रकथेचं इंग्रजी भाषांतर, आत नुसती काळीपांढरी चित्रं. पर्यटक नसलेल्या एका दुपारी सरांनी ते काढलं. का काढलं? "चुका शोधायला," त्यांनी मला नंतर सांगितलं. काय खोटं बोलायचं!

पुस्तक आपण उघडतो तसं त्यांनी डावीकडून उघडलं. पहिल्याच पानावर एक रिकामी खुर्ची. मग अंत्ययात्रा. मग एक म्हातारा आजारी. मग तोच म्हातारा हिंडताफिरता, बंदराजवळच्या आपल्या खाणावळीत स्वयंपाक करतोय, हाताखालच्या मुलीवर खेकसतोय. सर पान उलटत गेले. म्हातारा तरुण होत गेला. शेवटी खाणावळीच्या दारात उभा राहून हसला. सर भारावून गेले. संध्याकाळी कुंपणापाशी येऊन मला सांगायला लागले, "बाई, मेलेला माणूस हळूहळू बरा होतो हो! मरणापासून सुरुवात करायची आणि हसण्यावर संपवायची, काय छाती लागते!"

दुसऱ्या दिवशी हुसेनभाईंनी त्यांना ते पुस्तक परत वाचताना बघितलं.

"सर, किताब शेवटाकडनं वाचताय तुम्ही."

"म्हणजे?"

"ही आमच्या उर्दूवानी हाय. उजवीकडनं उघडायची. चौकोन पन उजवीकडनं डावीकडं जायचे." आणि त्यांनी बोट फिरवून दाखवलं. मुरुडमध्ये हयात गेलेल्या चित्रकलेच्या मास्तरांना जपानी पुस्तक कसं धरायचं ते मोहल्ल्यातल्या हुसेनभाईंनी शिकवलं. सरांनी मग ते सरळ वाचलं, म्हातारा मेला, आणि सर हुसेनभाईंवर चिडले. पण त्या सरळ वाचनातच त्यांना एक पान नीट दिसलं.

त्या दिवशी ते कुंपण ओलांडून थेट माझ्या स्वयंपाकघरात आले. आजवर माझ्या मासळीच्या स्वयंपाकघरात त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं. पुस्तक ओट्यावर आपटलं. "बघा."

दोन पानं भरून मासळीबाजार होता. कुठल्यातरी जपानी बंदरावरचा. ओली फरशी, प्लास्टिकचे क्रेट, खवले काढणारी बाई. आणि त्याच्या शेजारी चौकोन. एकात बाईचा चेहरा, डोळे हे एवढे. पुढच्यात नुसतं तोंड. पुढच्यात हात.

"जयश्रीचं आहे हे," सर म्हणाले.

मी हात पुसून पुस्तक जवळ ओढलं.

"मला तिचं पान न् पान आठवतंय, बाई. फाडताना मी बघितलं होतं ना. बघितल्याशिवाय कसं फाडणार? तेव्हाच कळलं होतं मला." मग ते ओरडले. माझ्यावर नाही, त्या ओट्यावर. "तेव्हाच कळलं होतं! हिला येतंय आणि मला येत नाही हे कळलं होतं म्हणून फाडलं! शिस्त कसली घेऊन बसलात?"

शिस्त मी कुठे घेऊन बसले होते! पण ते सांगायची वेळ नव्हती.

त्यानंतर माणूस पार बदलला. लेकीने पनवेलहून एकेक करून तसली पुस्तकं धाडली, फोनवर जपानी सिनेमे नि मालिका कशा लावायच्या ते शिकवलं. सर कानात वायरी घालून काउंटरवर बसायचे आणि गिऱ्हाईक आलं की त्याला हाताने थांबवायचे. संवाद इंग्रजी असले की मला बोलवायचे, मी वाचून अर्थ सांगायचे. बहुतेक वेळा शब्द नसतच. एकदा मला हाक मारून म्हणाले, "बघा, भात शिजतोय. एवढंच. अर्धा मिनिट नुसता भात शिजतोय, वाफ येतेय, झाकण हलतंय. आमच्या घरी रोज शिजायचा. आई अशीच बसलेली असायची पुढ्यात. मला कधी कुणी सांगितलं नाही की हे काढायचं असतं." आणि डोळे पुसले. नंतर लगेच चिडले, कारण आपल्यालाही कुणीतरी नदीच काढायला लावली होती हे त्यांच्या लक्षात आलं.

नाकावरचा रुमाल गेला. भर रस्त्यात उभे राहून एखादी बाई डोक्यावर पाटी कशी चढवते ते बघत राहायचे, गाड्या हॉर्न मारायच्या. शाळेत जाऊन नव्या चित्रकलेच्या शिक्षकाशी भांडून आले, "ती नदी काढून टाका आधी!" तो बिचारा म्हणाला, "सर, नमुने तर तुमचेच आहेत." स्वतः काढायला बसले तेव्हा कळलं की हात वळत नाही. पट्टीने आखल्यासारख्या रेघा. माणसाचं बोट काढलं तरी खुर्चीचा पाय दिसायचा. गावात टवाळी सुरू झाली, "मास्तर कार्टून बघतात." मला त्याचाही राग यायचा. पत्ते खेळत बसले असते तर कोणी हसलं नसतं.

आणि ते जयश्रीकडे जायला लागले.

पहिल्यांदा गेले तेव्हा काय बोलावं ते सुचेना. समोर उभे राहिले. जयश्रीने विचारलं, "काय देऊ?" सरांनी समोर जे होतं त्याच्याकडे बोट दाखवलं. तिने बांगडे तोलले, पिशवीत घातले, पैसे घेतले, पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. गळ्यात माळ आणि हातात बांगडे, असे सर बाजारातून घरी आले आणि पिशवी माझ्या कुंपणावर टांगली. मग हे नेमाने चालू झालं. बांगडे, मांदेली, कधी कोलंबी. बाजारात हसून हसून पुरेवाट. माझ्या घरची चंगळ. सर रोज ठरवून जायचे की आज बोलायचं, आणि रोज मासळी घेऊन परत यायचे. ती त्यांच्या डोळ्यांकडे बघतच नसे. एकदाच तिने विचारलं, "तुमी तं खात न्हाय. कोनाला घालता?" सर म्हणाले, "शेजारच्या बाईंना." तेवढंच संभाषण.

मग शाळेच्या वर्धापनदिनाला सरांचा सत्कार ठरला.

सभागृहात माजी विद्यार्थी, पालक, व्यासपीठावर अध्यक्ष. शाल झाली, श्रीफळ झालं. सर माइकपाशी गेले आणि कागद न काढता बोलले. जयश्रीचं नाव घेतलं. वर्ग सांगितला. काय फाडलं, कसं फाडलं, पट्टी किती जोरात मारली ते सांगितलं. "ती माझ्यापेक्षा चांगली होती म्हणून मी फाडलं. मी चांगला शिक्षक नव्हतो. ही शाल मला देऊ नका." आणि शाल काढून टेबलावर ठेवली.

आणि मग टाळ्या. उभं राहून टाळ्या! अध्यक्षांनी सरांना मिठी मारली, शाल पुन्हा खांद्यावर घातली. फोन वर झाले. संध्याकाळपर्यंत ते भाषण गावातल्या प्रत्येक ग्रुपवर. 'अंगावर काटा आला.' 'असे गुरू होणे नाही.' अरे, माणूस सांगतोय की मी एका पोरीचा हात मारून टाकला, आणि तुम्ही टाळ्या कसल्या पिटताय? एकाही शहाण्याने विचारलं नाही की ती जयश्री कुठे आहे. ती पाच मिनिटांच्या अंतरावर फळीवर बसून मासळी विकत होती. तिला आमंत्रण नव्हतं.

घरी येताना सरांचा चेहरा पांढराफटक. "बाई, ह्यांनी मला शिव्या का नाही घातल्या?"

शिव्या दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाल्या. मी सोबत होते. सर फळीसमोर उभे राहिले आणि ह्या वेळी जयश्रीने त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"सर, माजा नाव कोनाला इचारून घ्येतलात?"

"जयश्री, मी तुझी माफी—"

"तुमी माइकवर बोललात, लोकानी टाल्या वाजवल्या, तुमचा मन हलका झाला. माजा काय झाला? सकालपासून जो येतो तो इचारतो, ती वहीवाली तूच काय? घरी पोरगी बोलते, आई, तू चित्रां काडायचीस? काडून दाव. मी काय दावू तिला?"

सर म्हणाले, "मग मी काय करू, सांग."

"काय पन करू नका! दर टायमाला तुमालाच कायतरी करायचा असता. तवा फाडायचा होता, आता माफी मागायची हाय. मी नुसती बगत ऱ्हायची?"

सरांनी झोळीतून आपली चित्रांची वही काढली. त्यांनी अलीकडे काढलेली सगळी चित्रं तिच्यात होती. ती तिच्यापुढे धरली. "फाड. सगळ्यांसमोर फाड."

जयश्रीने वहीकडे बघितलंसुद्धा नाही. "मी काय मास्तर हाय फाडायला? घरी न्येऊन तुमीच बगत बसा." आणि मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला विचारलं, "ताई, पापलेट साफ करून देऊ?"

खरं सांगते, मला बरं वाटलं. सरांची कीव आली आणि तरी बरं वाटलं. त्या गावात एवढं एकच माणूस होतं की जे सरांच्या पश्चात्तापाने भारावलं नव्हतं, आणि त्यालाच तेवढा भारावून न जाण्याचा हक्क होता. हे शोकसभेत सांगायला हवं होतं कुणीतरी.

सर मासळी घ्यायला जायचे थांबले. पाय सुजायला लागले, लॉजवरचं काम सुटलं. पडवीत बसून काढत राहायचे, तीच खुर्चीच्या पायासारखी बोटं. मी रागावले की म्हणायचे, "तिने सांगितलंय बघत बसा. बसलोय."

जूनमध्ये मासेमारीची बंदी लागली. दोन महिने बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, बाजार ओस, कोळणींना सुकी मासळी विकण्यापलीकडे काम नाही. अशा एका दुपारी जयश्री फाटक उघडून सरांच्या पडवीत आली. मी कुंपणाच्या ह्या बाजूला होते, उठून आत गेले नाही.

"एक सांगाया आली," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "पोरगी लईच मागं लागली म्हनून मी बसली काडायला. न्हाय आला. डोल्यापुढं हाय, हातात न्हाय. तुमाला कलाया पायजे म्हनून आली. बस."

सरांनी हातातली पेन्सिल बाजूला ठेवली. मग वही पुढे सरकवली. "मलाही येत नाही."

तिने वही घेतली, पान उलटलं, दुसरं उलटलं. आणि फिस्सकन हसली. चांगलं हसू नव्हतं ते. "ह्यो काय हात हाय? बोंबील सुकत घातल्यावानी बोटां!"

"आहेतच तशी."

"थांबा." ती खाली बसली. "द्या कागद. बगू कोनाचा जास्त वाईट येतो."

बंदीचे ते दिवस ती अधूनमधून येत राहिली. ठरवून नाही, मनात आलं की. दोघं एकच वस्तू समोर ठेवायची, सुरी, तांब्या, नाहीतर माझं मांजर, आणि काढायची. मग कुणाचं जास्त वाईट ह्यावर भांडायची. प्रेमाने वगैरे नाही. ती सरांना टोचून बोलायची आणि सर ऐकून घ्यायचे. एकदा ते सवयीने म्हणाले, "अंगठा जरा इकडे—" तिने पेन्सिल खाली ठेवली आणि नुसतं बघितलं. सरांनी पुढे केलेलं बोट मागे घेतलं. त्यानंतर त्यांनी तिला एक अक्षर शिकवलं नाही. सरांनी आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं शिकवणं ते, असं माझं मत आहे.

सर दसऱ्यानंतर गेले. झोपेतच. शोकसभेला जयश्री नव्हती. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी बाजार सोडून ती आली नसती. परवा मी तिच्याकडे गेले आणि सांगितलं की मी हे लिहितेय, आणि तिच्या नावासकट लिहू का ते विचारलं. तिने कोयत्याने सुरमईचं डोकं उडवलं, थोडा विचार केला.

"लिवा. पन मी माफ क्येला असा लिवू नका. लोकाना तेच पायजे असता."

नाही लिहीत.

मला सर आठवतात ते जुलैच्या शेवटच्या दिवशीचे. बंदी उठायची होती, वाड्यात बोटींना रंग लागले होते, जाळी भरली जात होती. जयश्री कसाबसा वेळ काढून आली होती. मी चहा घेऊन तिकडे गेले. त्या दिवशी समोर वस्तू काही नव्हती. तिने पानाचे चौकोन पाडले होते. पहिल्या चौकोनात बंदर. दुसऱ्यात पाठमोऱ्या बायका. तिसऱ्यात ती एक हात काढत होती, वर उचललेला, बोली लावणारा. तिचा हात थांबत होता, पुन्हा चालत होता. मग एकदम मनगटापासून बोटांपर्यंत एक रेघ आली, न थांबता, आणि तो हात ओरडायला लागला. मला चित्रातलं काही कळत नाही. पण ते मलाही दिसलं.

सर खुर्चीतून कष्टाने उठले, वाकले, त्या रेघेकडे बघत राहिले. "बाई, बघा. ही," म्हणाले, "हीच फाडली होती मी."

जयश्रीने मान वर केली नाही. "व्हय. हीच."

तिने तो चौकोन पुरा केला. चहा प्यायली. कागदाची घडी घातली आणि कमरेला खोचली.

"ठेवून जातेस का?" सरांनी विचारलं. "निदान आजचा दिवस?"

"न्हाय," ती म्हणाली. "माजा हाय त्यो." आणि फाटक लावून घरी गेली.